मोकळ्या जागेचे माप : लाकडी मधपेटीची निवड आणि जोडणी

लाकडी मधपेटी वरकरणी अगदी साधी दिसते. तळाला एक पाट, त्यावर बिनबुडाच्या एक-दोन चौकोनी कोठ्या, कोठ्यांत ओळीने टांगलेल्या चौकटी आणि वर झाकण एवढाच तिचा ऐवज असल्यामुळे हाताला थोडेफार सुतारकाम असलेल्या माणसाला ती घरच्या घरी ठोकता येईल असे वाटते. आणि आता तयार कापलेल्या सुट्या भागांचे संचही विकत मिळू लागल्याने मधमाशीपालनाची सुरुवात पेटी मागवण्यापासूनच करण्याकडे नवशिक्यांचा कल असतो. या पेटीचे खरे शास्त्र मात्र फळ्या आणि चौकटी यांच्यामध्ये मुद्दाम सोडलेल्या काही मिलीमीटरांच्या पोकळीत आहे, आणि कोणती पेटी घ्यावी, कोणत्या लाकडाची घ्यावी व ती कशी जोडावी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अखेर या पोकळीपाशीच येऊन मिळतात.

झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भगदाडात वसणाऱ्या मधमाश्या एकमेकांना समांतर अशी अनेक पोळी बांधतात आणि दोन पोळ्यांच्या मध्ये स्वतःला ये-जा करण्यापुरती वाट मोकळी ठेवतात. माणसाने माश्या खोक्यात पाळायला सुरुवात केली तेव्हा ही पोळी खोक्याच्या भिंतींना आणि छताला चिकटलेली असत, त्यामुळे मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे आणि बहुतेक वेळा अंडी-अळ्यांसकट वसाहतीचा नाश करायचा, असाच प्रकार होता. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील लॅंगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या लक्षात १८५१ साली असे आले की चौकट आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये ठरावीक रुंदीची फट ठेवली तर माश्या ती फट बुजवतही नाहीत आणि तिच्यात पोळेही बांधत नाहीत; ती त्यांना रस्ता म्हणून तशीच हवी असते. युरोपीय मधमाशीसाठी ही रुंदी साधारण सहा ते नऊ मिलीमीटर भरते. फट याहून अरुंद असेल तर झाडांच्या कळ्यांवरून गोळा केलेल्या प्रोपोलिस नावाच्या चिकट राळेने माश्या ती लिंपून टाकतात, आणि रुंद असेल तर तिच्यात मेणाचे आडवेतिडवे पूल बांधून चौकटी एकमेकींना जखडून ठेवतात. या सुरक्षित पोकळीला या लेखात माशीवाट म्हटले आहे. लॅंगस्ट्रॉथ यांनी १८५२ मध्ये आपल्या पेटीचे पेटंट घेतले, आणि पोळे न मोडता चौकट उचलून पाहण्याची, मध काढून तेच पोळे माश्यांना परत देण्याची आधुनिक पद्धत त्या पेटीपासून रुजली.

पेटी निवडताना पहिला प्रश्न माशीच्या जातीचा येतो. महाराष्ट्रात आढळणाऱ्या माश्यांपैकी आग्या माशी उंच झाडावर किंवा कड्यावर आणि फुलोरी माशी झुडपात एकेकच उघडे पोळे बांधते, त्यामुळे त्या दोघींना पेटीत ठेवता येत नाही; डंख नसलेल्या इवल्याशा माश्यांचे घर निराळ्याच रचनेचे असते. चौकटीच्या पेटीत नांदतात त्या दोनच जाती : डोंगराळ आणि जंगली भागात मूळची असलेली सातेरी, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी हिमालयाच्या पायथ्याशी नगरोटा येथे भारतात प्रथम यशस्वीपणे स्थिरावलेली युरोपीय माशी, जिला मधपाळ तिच्या शास्त्रीय नावावरून मेलिफेरा म्हणतात. सातेरी अंगाने लहान, तिची वसाहत लहान, दोन पोळ्यांच्या मध्यरेषांमधील अंतर साधारण ३० मि.मी.; मेलिफेराचे हेच अंतर ३५ मि.मी. पाच मिलीमीटरांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटला तरी पेटीत तो प्रत्येक चौकटीगणिक साचत जातो.

यामुळेच दोन्ही जातींच्या पेट्यांची मापे मुळातून वेगळी आहेत. मेलिफेरासाठी आजही लॅंगस्ट्रॉथ पेटीच वापरतात. तिच्या खालच्या कोठीत दहा चौकटी बसतात आणि त्यांतली प्रत्येक चौकट बाहेरून सुमारे ४४८ मि.मी. लांब व २३२ मि.मी. उंच असते. सातेरीसाठी दक्षिण भारतात रूढ झालेली पेटी तिरुचिरापल्ली येथे काम करणारे जेझुइट धर्मगुरू न्यूटन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास बेतली. तिची चौकट जेमतेम २१० मि.मी. लांब आणि १४५ मि.मी. उंच असून कोठीत अशा सात चौकटी असतात. भारतीय मानकांतील ‘अ’ प्रकारची पेटी याच मापावर आधारलेली आहे. क्षेत्रफळाने पाहिले तर लॅंगस्ट्रॉथच्या एका चौकटीत न्यूटनच्या तीनहून अधिक चौकटी मावतात. सातेरीची लहान वसाहत एवढ्या मोठ्या घरात ठेवली तर तिला पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, उबदार ठेवणे जड जाते, माश्यांनी न झाकलेल्या पोळ्यांत मेणपतंगाच्या अळ्या शिरतात, आणि आधीच घर सोडून जाण्याकडे झुकलेली ही जात एखाद्या दिवशी पेटी रिकामी करून उडून जाते. घरबसल्या मागवता येणारे बहुतेक संच लॅंगस्ट्रॉथ मापाचे असतात, ही गोष्ट महाराष्ट्रातील नवशिक्याने पैसे देण्याआधी ध्यानात घ्यायला हवी.

कोणती जात पाळावी हे ज्याच्या त्याच्या परिसरावर ठरते. महाबळेश्वरच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या कुशीत, जेथे जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांचा फुलोरा आळीपाळीने येतो आणि काही वर्षांच्या अंतराने कारवी बहरते, तेथे सातेरी पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे; राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. उलट सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचे बियाणे अशा पिकांच्या पट्ट्यात पेट्या एका शेतातून दुसऱ्या शेतात हलवायच्या असतील आणि फुले नसलेल्या दिवसांत साखरेचा पाक पुरवण्याची तयारी असेल, तर मेलिफेरा अधिक सोयीची ठरते. ज्याला घराच्या परसात किंवा डोंगरातल्या वाडीत एक-दोन पेट्या ठेवायच्या आहेत त्याने सातेरीपासूनच सुरुवात करावी, कारण ती इथल्या पावसाला, इथल्या फुलांना आणि इथल्या शत्रूंना सरावलेली आहे.

जात ठरली की लाकडाकडे वळावे. लाकूड वाळल्यावर आकसते आणि ओलावा शोषून फुगते हे सर्वांना ठाऊक असते, पण ते तंतूंच्या दिशेने जवळजवळ हलत नाही आणि तंतूंना आडव्या दिशेने बरेच हलते ही गोष्ट मधपेटीत फार निर्णायक ठरते. कोठीच्या भिंतींत लाकडाचे तंतू आडवे धावतात, त्यामुळे हवामानानुसार भिंतीची उंची कमी-जास्त होते. चौकटीच्या बाजूच्या पट्ट्यांत मात्र तंतू उभे असतात, म्हणून चौकटीची उंची आहे तेवढीच राहते. लॅंगस्ट्रॉथ कोठीची भिंत सुमारे २४४ मि.मी. उंच असते, आणि लाकडातील ओलावा पाच-सहा टक्क्यांनी बदलला तर लाकडाच्या जातीप्रमाणे तिची उंची दोन-तीन मि.मी. बदलते. भिंत हलली आणि चौकट हलली नाही, की वरच्या व खालच्या कोठ्यांतील चौकटींमधली माशीवाट तेवढ्याच अंतराने बिघडते. ओल्या लाकडाची पेटी दुकानात मापाला बरोबर उतरली तरी पहिल्या उन्हाळ्यात आकसून वरच्या कोठीच्या चौकटी खालच्यांवर टेकतात, आणि मधाने भरलेला वरचा मजला उचलला की खालच्या चौकटीही त्याच्याबरोबर वर येतात.

म्हणून लाकूड नीट मुरवून वाळवलेले आहे ना, याची खातरजमा केल्याशिवाय संच घेऊ नये. साग उत्तम, पण महाग. शिवण आणि तून हलकी असून मापाला टिकतात. उत्तरेकडून येणाऱ्या पेट्यांत कैल किंवा पाइन वापरलेले असते. उग्र वास येणारे लाकूड माश्यांना रुचत नाही. वाळवीपासून बचावासाठी रसायन पाजलेले लाकूड तर पूर्णपणे वर्ज्य समजावे, कारण माश्या पेटीच्या आतल्या पृष्ठभागाशी रात्रंदिवस अंग घासत असतात आणि तेथेच त्यांचे मेण व मध साठतो. फळीची जाडी वीस-बावीस मि.मी.च्या आसपास असावी. पातळ फळीची पेटी स्वस्त पडते, पण उन्हाने तापते, थंडीत गारठते आणि वर्ष-दोन वर्षांत पिळवटते. गाठ फळीच्या मध्यावर असली तर चालते. कडेच्या सांध्यात किंवा चौकटी टांगण्याच्या खाचेत असलेली गाठ निखळून पडते, म्हणून अशी फळी परत करावी. प्लायवूड पावसाळी हवेत कडांनी सुटू लागते, त्यामुळे त्याचा उपयोग झाकणापुरता ठीक.

संच एकाच कारागिराकडून किंवा एकाच उत्पादकाकडून घ्यावा, कारण मापाचे नाव तेच असूनही दोन ठिकाणच्या पेट्यांत दोन-चार मिलीमीटरांचा फरक सहज पडतो. वापरलेली जुनी पेटी स्वस्तात मिळत असेल तर नवशिक्याने तो मोह टाळलेला बरा : पिलाव्याच्या काही रोगांचे बीजाणू लाकडात आणि जुन्या पोळ्यात अनेक वर्षे जिवंत राहतात, आणि आतून ज्योत फिरवून पेटी निर्जंतुक करण्याचे काम अनुभवी हातालाच जमते.

संच उघडल्यावर त्यात साधारणपणे तळपाट, पिलाव्याची कोठी, तिच्यावर ठेवायची मधकोठी, दोन्हींच्या चौकटींचे सुटे भाग, आतले झाकण आणि पत्रा मारलेले बाहेरचे झाकण एवढे मिळते. मधकोठीला मधपाळ सुपर असेही म्हणतात. सातेरीच्या पेटीत ती कमी उंचीचीच असते. मेलिफेरासाठी मात्र पूर्ण उंचीची किंवा कमी उंचीची अशी निवड करता येते, आणि पूर्ण उंचीची कोठी मधाने भरल्यावर तीस किलोंच्या पुढे जात असल्याने एकट्याने काम करणाऱ्याने कमी उंचीची घ्यावी.

जोडणीला बसण्यापूर्वी सगळे भाग गोंद न लावता एकदा नुसतेच जुळवून पाहावेत, कारण नवशिक्यांच्या हातून होणारी नेहमीची चूक, म्हणजे एखादी फळी उलटी लागणे, याच वेळी लक्षात येते. कोठीच्या चार फळ्यांपैकी दोन आखूड फळ्यांच्या आतल्या बाजूला वरच्या कडेने एक खाच असते. चौकटींचे कान याच खाचेत टेकतात, तेव्हा दोन्ही खाचा वर आणि समोरासमोर यायला हव्यात, आणि उचलण्यासाठी कोरलेली बोटे घालायची जागा बाहेरच्या बाजूला हवी. त्यानंतर कोपऱ्यांच्या सांध्यांना पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद लावून चारही फळ्या एकत्र दाबाव्यात आणि लगेच कोठीचे दोन्ही कर्ण मोजावेत. गुण्या लावून एक कोपरा काटकोनात आलेला दिसला म्हणून चारही तसेच असतील असे धरून चालत नाही. दोन्ही कर्ण अगदी सारखे भरले तरच कोठी काटकोनात आहे असे समजावे, आणि फरक आढळल्यास ज्या कर्णाची लांबी जास्त आहे त्याच्या दोन टोकांना हाताने दाबून ती काटकोनात आणावी. गोंद ओला असेपर्यंतच हे शक्य असते. सागासारख्या कठीण लाकडात खिळा थेट ठोकला तर सांधा उकलतो, म्हणून आधी बारीक भोक पाडून घ्यावे, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंनी एकाआड एक खिळे मारावेत म्हणजे कोणत्याही दिशेने ओढले तरी तो सुटत नाही. कोठी सपाट फरशीवर ठेवून गोंद पूर्ण वाळेपर्यंत तशीच राहू द्यावी. डुगडुगणारी कोठी पुढे दुसऱ्या कोठीवर कधीच नीट बसत नाही, आणि राहिलेल्या फटीतून पावसाचे पाणी, मुंग्या आणि दुसऱ्या वसाहतीतील लुटारू माश्या आत शिरतात.

चौकट हा पेटीचा सर्वांत नाजूक आणि सर्वांत कष्ट सोसणारा भाग. तिला वरची पट्टी, बाजूच्या दोन पट्ट्या आणि खालची पट्टी असते. वरच्या पट्टीची दोन्ही टोके बाहेर आलेली असतात, त्यांनाच कान म्हणतात. सातेरीच्या पेटीत वरची पट्टी साधारण २२ मि.मी. रुंद असते आणि तिच्यापुढे आठ मि.मी. मोकळी जागा सोडली की पोळ्यांमधले ३० मि.मी.चे अंतर आपोआप साधते. मेलिफेराच्या चौकटीत २७ मि.मी. रुंदीची पट्टी आणि आठ मि.मी. पोकळी मिळून ३५ मि.मी. होतात. लॅंगस्ट्रॉथ पेटीत प्रचलित असलेल्या हॉफमन पद्धतीच्या चौकटीत बाजूच्या पट्ट्या वरच्या भागात मुद्दाम रुंद केलेल्या असतात, त्यामुळे चौकटी एकमेकींना टेकवून ठेवल्या की अंतर मोजण्याची गरज उरत नाही. जोडताना वरून आणि खालून मारलेल्या खिळ्यांखेरीज आणखी एक खिळा बाजूच्या पट्टीतून आडवा, वरच्या पट्टीच्या कानाखाली, दोन्ही टोकांना मारावा. मेलिफेराची मधाने भरलेली मोठी चौकट तीन किलोंच्या घरात जाते आणि तिचे कोपरे राळेने चिकटलेले असतात. पटाशीसारख्या हत्याराने ती वर ओढताना उभे खिळे लाकडातून सरळ निघून येतात आणि नुसती वरची पट्टीच हातात राहते, तो धोका हा आडवा खिळा टाळतो. सातेरी माशी राळ जवळजवळ वापरत नाही, त्यामुळे तिच्या चौकटी हलक्या हाताने सुटतात, पण पोळे मऊ असल्याने तिलाही तारेचा आधार लागतो.

तार गंज न धरणारी आणि बारीक असावी. बाजूच्या पट्ट्यांतील भोकांतून ती आडवी ओवून इतकी ताणावी की बोटाने छेडल्यावर ती झणकारली पाहिजे. मात्र पट्ट्या आत वाकू लागल्या तर ताण जास्त झाला असे समजून तो सैल करावा, कारण आत वाकलेली पट्टी भिंतीपासून दूर सरते आणि तेथील माशीवाट रुंदावते. या तारांवर मेणपत्रा बसवायचा असतो. मेणपत्रा म्हणजे शुद्ध मेणाचा पातळ पत्रा, ज्याच्यावर षटकोनी घरांचे ठसे उठवलेले असतात आणि ज्यांच्यावर माश्या पुढे भिंती चढवून पोळे पूर्ण करतात. मेलिफेराच्या मेणपत्र्यावरील घर सुमारे ५.४ मि.मी. रुंद असते, तर सातेरीच्या कामकरी माशीचे घर पाच मिलीमीटरपेक्षाही लहान. चुकीचा पत्रा बसवला तर सातेरीला तो आपल्या नरांच्या घरांएवढा वाटतो आणि पोळे वेडेवाकडे होते. ऊन दाखवून मऊ केलेला पत्रा तारेवर ठेवून दातेरी चाक कोमट करून तारेवरून फिरवले की तार मेणात रुतते. मेणपत्र्यात पॅराफिनची भेसळ असेल तर उन्हाळ्यात तो पेटीतच लोंबतो, त्यामुळे तो खात्रीच्या ठिकाणाहून, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी चौकशी करून घेतलेला चांगला.

रंग फक्त बाहेरून, फिकट छटेचा द्यावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत पेटी मोकळ्या हवेत ठेवावी. आतले लाकूड कोरेच राहू द्यावे. रंगाऐवजी अळशीचे तेल पाजले तरी लाकूड पाणी कमी पिते. घाटमाथ्यावर आणि कोकणात बाहेरचे झाकण चहूबाजूंनी कोठीच्या बाहेर आलेले हवे, आणि पेटी प्रवेशद्वाराच्या बाजूला किंचित उतरती ठेवावी, म्हणजे आत साचणारे पाणी बाहेर वाहून जाते. मुंग्यांच्या बंदोबस्तासाठी तिकाटण्याचे किंवा घडवंचीचे पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत ठेवण्याची रीत सर्वत्र आहे, पण वाटीतले पाणी आटले किंवा गवताची एक काडी पेटीला टेकली तरी मुंग्यांना तेवढा पूल पुरतो.

जोडणी बरोबर झाली की नाही हे माश्या वस्तीला आल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पेटी उघडताना कळते. झाकण उचलताच चौकटींच्या वर मेणाचे उंचवटे दिसले तर वरची पोकळी जास्त आहे. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पूल बांधलेला असेल तर कोठी काटकोनात नाही किंवा बाजूच्या पट्ट्या आत वाकल्या आहेत. दोन पोळी एकमेकांत गुंतली असतील तर चौकटींतले अंतर राखलेले नाही किंवा कोठीत एखादी चौकट कमी ठेवली आहे. हे मेण धारदार पात्याने काढून टाकण्यापूर्वी ते नेमके कोठे आणि किती जाडीचे आहे हे पाहून ठेवावे, आणि ज्या ठिकाणी ते आढळले त्या ठिकाणची पोकळी पोलादी पट्टीने मोजावी. आतल्या झाकणाची कड तासून किंवा तिच्यावर पातळ पट्टी ठोकून वरची चूक एका दुपारीत दुरुस्त होते. कोठीच काटकोनात नसेल तर मात्र वसाहत दुसऱ्या कोठीत हलवून पहिली कोठी उकलून पुन्हा जोडण्याखेरीज इलाज नसतो, आणि म्हणूनच एक जादा रिकामी कोठी पहिल्या संचाबरोबरच मागवून ठेवावी.